विठूनानांची चार बोटं

विठूनाना कंपौंडरांनी मला जगवलं. हे वाक्य पहिलं लिहून टाकते. पुढचं लिहिताना हात अडखळणार आहे, कदाचित मी मध्येच थांबेन. थांबले तरी एवढं कागदावर राहावं. माझी शाळा मराठी चौथीपर्यंतची; वडील गेले आणि पाटी सुटली. तेव्हा चुकलंमाकलं वाचणाऱ्यानं सावरून घ्यावं.

मी मूळची माणदेशातली. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा, आला तर आला. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि एका नातलगाच्या शब्दावर मी मुंबईच्या एका वकीलसाहेबांच्या मळवलीच्या बंगल्यावर स्वयंपाक आणि राखण करायला आले. साहेब मंडळी मे महिन्यात आणि दिवाळीत यायची. एरवी बंगल्यात मी एकटी, आणि मागच्या खोलीत बाबू माळी आणि त्याची बायको. मावळातला पाऊस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हा आता थांबायचाच नाही. भिंतींना ओल आली, मिठाचं पाणी झालं आणि भाताच्या खाचरांवरून संध्याकाळी डासांचे ढग उठायला लागले.

भाद्रपदात एका दुपारी भांडी घासता घासता माझे दात वाजायला लागले. त्याच दुपारी बाबूलाही हीव भरलं. बाबू घोंगडी पांघरून फणसाखाली पडला, तासभर कुडकुडला, मग घामानं भिजला, उठला, आणि दिवस मावळायच्या आत राहिलेलं गवत कापून मोकळा झाला. मी तीन वाकळांखाली होते. एक दिवस बरा गेला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हीव आलं तेव्हा मी बाबूच्या बायकोला आई म्हणून हाक मारत होते म्हणे. मला ते आठवत नाही. मला आठवतो तो दारात उभा राहिलेला खाकी कोट.

कोट कोपरांवर झिजून चकाकत होता. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायातल्या वहाणा काढून हातात घेतलेल्या, कारण चिखलात चामडं कुजतं आणि पाय कुजत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. माणूस लहानखुरा, पन्नाशीचा. आत आले, वहाणा कोपऱ्यात ठेवल्या आणि दोन्ही हात स्वतःच्या काखेत दाबून उभे राहिले.

"नाना, बघा की तिला," बाबू म्हणाला.

"थांब रं. हात गार हायेत. गार हात लावला की प्वाट आवळतं, मंग आत काय हाय ते कळत न्हाई."

हात ऊन झाल्यावर त्यांनी माझ्या डाव्या बरगडीखाली चार बोटं टेकवली. "श्वास घे, पोरी. मोठा." मी श्वास घेतला. बोटं तशीच राहिली, जणू दारावर थाप मारून कोणी आतून उत्तर द्यायची वाट बघतंय. मग त्यांनी मान हलवली.

"बाबू, हिकडं ये. सदरा वर कर."

"मला काय झालंय, नाना?"

"तुला काय व्हत न्हाई म्हनून तर बघतो."

बाबूच्या बरगडीखाली त्यांनी एकावर एक बोटं मोजली. "चार बोटं," ते म्हणाले. "आन् हिची पानथरी लागतच न्हाई. पोरगी आजून तापाला भेटलीच न्हवती."

पानथरी म्हणजे पोटातला डावीकडचा अवयव. तापानं तो वाढतो, हे मावळात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ती वाढलेली असणं बरं की वाईट, हे मला नानांनीच सांगितलं. जरा शुद्धीवर आल्यावर मी त्यांना विचारलं होतं, बाबू उठला आणि मी कशी पडले? मी त्याच्याहून तरुण आहे.

"वाडीत नवा मानूस शिरला की कुत्री काय करत्यात?"

"भुंकतात."

"भुंकत्यात व्हय! समदं गाव उठवत्यात, अंगावर धावत्यात, कुडं मोडत्यात. रोजचा मानूस आला तर नुसता कान हालवत्यात. तापाचं तसंच हाय. तापाला ओळख लागते. तुझ्या आंगातली कुत्री आता पिसाळल्यावानी करत्यात. चोर नेईल त्यापरीस घरची कुत्रीच घर फोडतील, अशी गत. बाबूच्या आंगात बी चोर हाय. पर बाबूची कुत्री त्याला ल्हानपनापासून वळखत्यात."

त्यांनी मला सात दिवसांचं कोयनेल, म्हणजे हिवतापावरचं औषध, लावलं. पहिले दोन दिवस ते स्वतः येऊन पाजून गेले. नंतर मी बाबूच्या बायकोचा हात धरून दवाखान्यात जायला लागले, आणि नाना कसे होते ते मला त्या ओळीत उभं राहून कळलं.

दवाखाना म्हणजे स्टेशनाअलीकडच्या दोन कौलारू खोल्या. डॉक्टर आठवड्यातून एकदा लोणावळ्याहून यायचे, बाकी सहा दिवस सगळं नानांवर. कोयनेल इतकं कडू की लोक ते तोंडात धरायचे आणि बाहेर जाऊन वडाच्या बुंध्याशी थुंकायचे. म्हणून नानांनी एक रीत घातली होती. औषध तोंडात ओतलं की ते म्हणायचे, "नाव सांग. सबंद." औषध तोंडात धरून सबंध नाव सांगता येत नाही. स्वतःचं, बापाचं, गावाचं, तिन्ही स्पष्ट उमटली की माणूस सुटला.

बायकांची मात्र पंचाईत. सबंध नाव म्हणजे नवऱ्याचं नाव आलं, आणि ते साधं कसं उच्चारायचं? मग दवाखान्याच्या ओट्यावर उखाणे व्हायचे. मी गेले त्या पहिल्याच दिवशी पुढे एक म्हातारी होती, अंगावर घोंगडं, गालफडं बसलेली. तिनं घोट गिळला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाली,

"कडू औषध घोटलं, वर प्याले पाणी,
किसनरावांची मी कारभारीण शहाणी."

"किसनराव जाऊन धा वर्सं झाली की, मावशी," मागून कोणीतरी म्हणालं.

"म्हनून काय नाव बदलतंय व्हय रं, मुडद्या?"

तापानं थरथरणारी माणसंही हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी वहीत खूण केली आणि पुढच्याला हाक मारली. माझी पाळी आली तेव्हा मी नवऱ्याचं नाव साधंच सांगितलं. आता कोणासाठी आडपडदा ठेवायचा? नानांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि बाटलीतून आणखी पाण्याचा एक घोट दिला, कडूपणा जावा म्हणून. एवढंच. दिलासा द्यायची त्यांची रीत तेवढीच होती.

कोणी बरा झाला असं ते कधी म्हणत नसत. "निजला," म्हणायचे. "ताप जात नसतो, निजतो." आणि ते माणसं चेहऱ्यावरून कमी आणि पानथरीवरून जास्त ओळखायचे. रस्त्यात एखादा मिशीवाला गडी दिसला की, "हा रामा न्हवं का, तीन बोटांचा? आता जिरली आसंल," असं म्हणून पुढं जायचे. तीसेक वर्षांत आसपासच्या वाड्यांतल्या झाडून सगळ्या पोरांच्या बरगडीखाली त्यांची बोटं फिरली होती.

एकदा डॉक्टरसाहेबांनी काचेवर बाबूच्या बोटाचं रक्त घेतलं. बाबू त्या दिवशी ठणठणीत होता, खांद्यावर कुदळ होती. साहेबांनी यंत्रातून बघितलं आणि नानांना बोलावलं. "बघा, रक्तात जंतू आहेत. आणि हा मनुष्य कुदळ मारतोय! ह्याला आम्ही इम्युनिटी म्हणतो."

"आमी ओळख म्हनतो, साहेब."

साहेब खूश होऊन म्हणाले, "हे मावळे लोक मोठे काटक."

त्या दिवशी ओट्यावर लोहगडवाडीची एक बाई बसली होती. मांडीवर दोन वर्षांचं पोर, पोट पुढं आलेलं, हातपाय काड्यांसारखे. नानांनी तिला विचारलं, "किती झाली गं तुला?"

"सात."

"हायेत किती?"

"ह्यो धरून दोन."

नाना साहेबांकडं वळले नाहीत. हात काखेत घालून गरम करत भिंतीकडं बघत म्हणाले, "काटक न्हवं, साहेब. जी राहिली ती राहिली. हितल्या मानसाला ही ओळख आशी फुकाट न्हाई झाल्याली. तिच्या पाच पोरांस्नी पहिल्या भेटीतच नेलं."

मला त्या दिवशी पहिल्यांदा बाबूच्या अंगातल्या ताकदीची भीती वाटली.

पुढच्या वर्षी लढाई इकडं सरकली. कोयनेल ज्या मुलखातून यायचं तो मुलूख जपान्यांनी घेतला, असं डॉक्टरसाहेब सांगत होते. दवाखान्यात बाटल्या यायच्या थांबल्या. आषाढात नानांनी कपाट उघडून जे होतं ते टेबलावर मांडलं आणि एक नेम केला. ज्याची पानथरी हाताला लागते त्याला औषध नाही. फक्त ताप उतरायची साधी पुडी आणि घोंगडं. तिसऱ्यांदा ताप उलटला तरच कोयनेल. आणि जो बाहेरचा, ज्याला ओळख नाही, त्याला पहिल्याच दिवशी पुरं.

वाड्यांमधून लोक चिडले. एक म्हातारा तर काठी आपटत आला.

"परक्यास्नी औशिद आन् आमास्नी पानी? तू आमच्यातला हायेस का त्यांच्यातला, इठू?"

"आबा, तुमच्या आंगात हाय ते त्यांच्या आंगात न्हाई. मी काय करू?"

"काय हाय माज्या आंगात? हाडं हायेत!"

"साडेतीन बोटं हाय. मी मोजल्यात."

म्हातारा बडबडत घोंगडं पांघरून भिंतीशी बसला, कुडकुडला आणि संध्याकाळी काठी टेकत घरी गेला. असे सगळेच गेले. कोणी दगावलं नाही. श्रावण संपेस्तोवर लोक म्हणायला लागले, नानाच्या बोटांना कळतं.

त्याच वर्षी मुंबईवर बाँब पडणार अशी आवई उठली होती आणि मावळातली गिरणीतली माणसं बायकापोरांसकट परत आली होती. नानांचा मुलगा दामूही आला. एकुलता एक. नऊ वर्षं मुंबईत गिरणीत होता. मी त्याला दोनदाच बघितलं. अंगानं भरलेला, भांग पाडलेला, सारखा गाणं गुणगुणणारा. नानांच्या घराचं कौल शाकारताना वरून ओरडून बायकोला चिडवत होता, "सुभद्रे, तुझ्या सासऱ्याला सांग, माझी बी बोटं मोजा म्हणावं!" खाली उभे असलेले नाना चक्क हसले होते. त्यांना हसताना मी तेव्हाच काय ते पाहिलं.

आश्विनात मला पुन्हा हीव भरलं. आदल्या वर्षी औषधानं ताप लगेच दाबला होता, त्यामुळं माझ्या अंगाची त्याच्याशी ओळख अर्धवटच राहिली होती, असं नाना नंतर म्हणाले. या खेपेला पहिल्याच दिवशी मी भिंतीशी बोलायला लागले. बाबू पळत नानांकडं गेला. पुढचं मी त्याच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ते त्यानं मला एकदाच सांगितलं.

बाबू पोचला तेव्हा नानांच्या घरी दोन अंथरुणं होती. एकावर दामू, एकावर त्याची तीन वर्षांची पोर. सुभद्रेलाही ताप होता, पण ती चुलीशी बसून पेज ढवळत होती. नानांनी पोरीला आधीच कोयनेल दिलं होतं. मुंबईत जन्मलेलं एवढंसं पोर, त्याला कुठली पक्की ओळख? तिचा डोस त्यांनी वेगळा बांधून ठेवला होता. बाटल्या केव्हाच संपल्या होत्या; त्यानंतर जवळ एका माणसापुरत्याच गोळ्या उरत होत्या.

बाबूचं ऐकून नाना उठले. दामूच्या उशाशी बसले, हात काखेत घालून गरम केले आणि त्याच्या बरगडीखाली बोटं टेकवली. बाबू म्हणाला, लय वेळ टेकवली.

"काय लागतंय, नाना?" दामूनं विचारलं.

"ल्हानपनी तीन बोटं व्हती तुझी."

"मंग झालं तर. मी हितलाच हाय. द्या त्या बाईला."

आणि नानांनी गोळ्या बाबूच्या हातात दिल्या. कशा द्यायच्या, कधी द्यायच्या, दोनदोनदा सांगितलं. दारापर्यंत येऊन पुन्हा हाक मारली आणि म्हणाले, "गिळल्यावर नाव सांगायला लाव तिला."

मी नाव सांगितलं असेल. मला आठवत नाही.

दामूचा पहिला ताप उतरला. मधला दिवस तो उठून बसला, पेज प्याला. तिसऱ्या दिवशी सकाळी हीव आलं आणि दुपारपर्यंत त्याला हाका ऐकू येईनात. डोळे उघडे, पण माणूस त्यात नाही. नाना लोणावळ्याला धावले. डॉक्टरसाहेबांकडे सुईची औषधं होती की नव्हती मला ठाऊक नाही. ते येईस्तोवर दामू गेला होता. त्याच वेळी मी बंगल्यावर उशीला टेकून बसले होते आणि बाबूच्या बायकोकडं भात मागत होते.

नानांनी सुतकात दवाखाना उघडला. डॉक्टरसाहेबांनी नको म्हटलं तरी उघडला. सातव्या दिवशी मी गेले. का गेले ते सांगता येत नाही, घरात बसवेना. ओट्यावर आठदहा माणसं होती. नाना नेहमीसारखे हात काखेत घालून उभे होते, पण समोर रोगी नव्हता.

तेवढ्यात सुभद्रा आली, कडेवर पोर. मला बघून थांबली. "बऱ्या दिसताय," ती म्हणाली. त्यात टोमणा होता की नव्हता, मला आजही ठरवता येत नाही. मी मान खाली घातली. मग ती नानांकडं वळली.

"नाना, मला एक सांगा. ताप मला बी आला व्हता. त्याच दिवशी. मी बी मुंबईलाच व्हते की. मी कशी राहिले?"

नाना तिच्याकडं बघत राहिले. मग खाली बसले, जमिनीवरच.

"तू दर साली लावणीला माहेरी यायचीस," ते हळू म्हणाले. "गवळ्यांच्या वाडीला. दोन म्हयनं ऱ्हायचीस. खाचरात उभी ऱ्हायचीस."

"व्हय. आईला हात नगं का?"

"तुला दर साली ताप भेटत व्हता. वळख ऱ्हायली. दामूला लावणीला रजा मिळायची न्हाई. तो शिमग्याला यायचा." ते थांबले. "शिमग्याला ताप निजल्याला आसतो. नऊ वर्सं त्यो तापाला भेटलाच न्हाई. ओळख बी इसरते गं. भेटगाठ तुटली की आंग इसरतं. मला ठावं व्हतं. मला ठावं पायजे व्हतं."

सुभद्रेनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं.

"माज्या बोटांनी सांगितलं व्हतं," नाना म्हणाले. "त्याची पानथरी लागली न्हाई. जिरून गेल्याली. दोनदा बघितलं, लागली न्हाई. मी बोटांचं ऐकलं न्हाई. मी त्याचं ल्हानपन ऐकलं. माझं प्वार, हितं जल्मलेलं, हितलंच. नातीला मुंबईची म्हनून औशिद दिलं आन् तिच्या बापाला इचारलं बी न्हाई की तू कुटला."

मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि सुभद्रेला म्हणाले, "हिला काय बोलू नगंस. हिला मिळालं ते बरोबरच मिळालं. चूक झाली ती माज्या दारात झाली."

सुभद्रेनं पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ओट्याच्या कडेला पाठ करून बसली. त्या दिवशी त्या दोघांमधलं शेवटचं बोलणं झालं की पहिलं, कोण जाणे. पण ती त्यांच्याच घरी राहिली आणि दर लावणीला सासऱ्याच्या खाचरात उतरली.

त्यानंतर नानांनी वहीत एक नवा रकाना आखला. नाव, वय, गाव, पानथरी, आणि त्यापुढं रुळानं ओढलेली एक रेघ: मागले पावसाळे कुठं? डॉक्टरसाहेबांनी ते बघून कपाळाला आठी घातली. छापील फॉर्मात असा रकाना नाही, वर विचारतील, खोडा म्हणाले.

"खोडा, साहेब. मी पुन्ना आखीन."

साहेबांनी खोडला नाही. पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांनी आपल्या डायरीत तसाच रकाना आखलेला मी बघितला.

पुढच्या पावसाळ्यात कोयनेल पुन्हा थोडंथोडं यायला लागलं होतं, आणि मुंबईहून परतलेले आणखी आजारी पडले. एक तरणा गडी आला, तोही गिरणीतलाच. घोंगडं मागितलं आणि म्हणाला, "मला औशिद नगं, नाना. म्हाताऱ्याकोताऱ्यांना द्या. मी हितलाच हाय."

नानांनी त्याच्या हाताला धरून त्याला आत ओढलं. मी त्यांचा आवाज चढलेला तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "हितलाच म्हनून मेला माजा! पावसाळं कुटं काढलंस ते सांग! गाव नगं मला, पावसाळं सांग!"

गडी घाबरला. "सहा वर्सं मुंबई," म्हणाला. त्याला पुरं कोयनेल मिळालं. तो जगला. असे किती जगले ते त्या वहीत असेल. मी मोजलेलं नाही.

एकदा, फार धीर करून, मी त्यांना म्हणाले, "नाना, त्या गोळ्या माझ्या…" पुढं मला बोलता येईना.

"त्या गोळ्या बरोबर मानसाला गेल्या," ते म्हणाले. "आजून एका मानसाला जायला पायजे व्हत्या. तेवढंच. तू भात खा आन् जा."

मी बंगल्यावर येऊन खूप रडले. त्यांनी मला माफ केलं असतं तर सोपं झालं असतं. पण माझ्याकडे माफ करण्यासारखं त्यांना काही दिसलंच नाही. त्यामुळं जे माझ्यापाशी राहिलं ते मला कुठंच ठेवता येत नाही.

लढाई संपता संपता आईच्या आजारपणात मला गावी जावं लागलं. दोन पावसाळे मी माणदेशातच काढले. आई गेली. परत मळवलीला येताना पुण्याहून प्रवासी मोटारीनं आले. सोमाटण्याच्या फाट्यावर मोटार थांबते. पवनेकडच्या वाड्यांची माणसं तिथं उतरतात. मृग तोंडावर आला होता, आभाळ काळं झालं होतं. उतरणाऱ्यांत ट्रंका, वळकट्या घेतलेली मुंबई-पुण्याकडून परतणारी माणसं होती.

आणि त्या गर्दीत नाना होते. त्यांचा दवाखाना सुटून वर्ष झालं होतं. फाट्यावर त्यांच्या भाचीचं घर आहे, तिथं ते येऊन राहतात, असं मला नंतर कळलं. तोच कोट, आता खांद्यावर सैल झालेला. ते उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पुढं जाऊन उभे राहत होते.

"पावनं, मागलं पावसाळं कुटं काढलं?"

कोणी हसत होतं. कोणी "बाजूला व्हा, आबा," म्हणत होतं. एका बाईनं पोराला ओढून दुसऱ्या बाजूला घेतलं. एक पोरगा मात्र थांबला, "पुण्याला, चार," म्हणाला. नाना त्याला हातवारे करून करून सांगत राहिले, ताप आला तर पहिल्याच दिवशी दवाखाना गाठ, गावचा म्हणून थांबू नकोस. तो मान डोलावत होता आणि त्याचं लक्ष बैलगाडीकडं होतं.

मी खिडकीतून हाक मारली. नाना मोटारीपाशी आले. मला ओळखलं की नाही कळलं नाही. त्यांनी वर बघत मलाही तेच विचारलं.

"माणदेशात, नाना. दोन."

त्यांचा चेहरा बदलला. "दोन? मंग इसरली आसंल तुझ्या आंगानं," ते घाईघाईनं म्हणाले. "पोरी, हीव भरलं की त्याच दिवशी जा. बाबूवर सोडू नगंस. त्याच दिवशी." मोटार सुरू झाली. ते काही पावलं बरोबर चालले, खिडकीच्या कडेवर हात ठेवून, आणि मग हात सुटला. मागं बघितलं तेव्हा ते दुसऱ्या मोटारीकडं वळले होते.

मी त्यांच्यासाठी काहीच केलेलं नाही. चार वेळा भाकरी बांधून नेली असेल, ती त्यांनी ओट्यावरच्यांना वाटली. अनोळखी माणसाशी आपणहून बोलायला मला अजून भीती वाटते. दुकानात मीठ मागतानासुद्धा माझा आवाज बसतो. पण मी ठरवलं आहे. येत्या मृगाला वकीलसाहेबांकडून सुट्टी मिळाली नाही तर त्याच्या पुढच्या मृगाला, कधी का होईना, मी सोमाटण्याला जाईन, नानांचा हात धरून त्यांना भाचीच्या घरी नेऊन बसवीन, आणि तो एक सबंध पावसाळा फाट्यावर त्यांच्या जागी मी उभी राहीन.